शीव म्हणजे रेघ नव्हे

(खारेपाटातील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर शेती, पाणी, रोजगार, शिक्षण असे विषय आहेत. त्यांच्या रांगेत ‘दोन परिसंस्थांमधील सीमा’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा वनस्पतिशास्त्राचा तास चुकून इकडे आला. माझे सारे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले, तेव्हा हा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाच्या एका अंगाला भाताची खाचरे आहेत, दुसऱ्या अंगाला तिवरांची दाटी आहे आणि या दोहोंच्या मध्ये मातीचा एक बांध आहे. बांधाच्या अलीकडे काय असावे आणि पलीकडे काय असावे, यावर या भागात तंटे होतात, अर्जफाटे होतात, माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. शास्त्राने या सीमेविषयी काय जाणले आहे आणि त्यातून आपल्याला काही मार्ग दिसतो काय, एवढेच मी आज मांडणार आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. गावाच्या हद्दीला आपण ‘शीव’ म्हणतो. या शीवेपासूनच ‘शिवार’ हा शब्द आला, आणि शिवार म्हणजे गावाची सारी पिकती जमीन. मुंबईचे बेट जेथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती, त्या जागेचे नावच ‘शीव’ पडले. तेथे आज लाखो माणसे राहतात. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या बोलण्यात हद्द ही राहण्याची, पिकवण्याची, वावरण्याची जागा होती. हद्दीला लांबीबरोबर रुंदीही असते हे त्यांना ठाऊक होते. रुंदी नसलेली, कागदावर पट्टीने ओढलेली हद्द पुढे मोजणीखात्याने आणली. महसुलाच्या कामासाठी तिची गरज होती, हे मान्य. पण मोजणीची सोय आणि निसर्गाची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले पुष्कळसे घोटाळे त्या दोहोंना एकच समजल्यामुळे झाले आहेत.

विद्यार्थ्यांना हे समजावताना मी एक साधा उपाय करीत असे. त्यांना महाबळेश्वराहून पाचगणीमार्गे वाईपर्यंत घेऊन येत असे. अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. वर महाबळेश्वरास वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीस त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावे तो पाऊस सात-आठशे मिलिमीटरवर आलेला असतो. वर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे बुटके सदाहरित रान. खाली बाभळी, बोरी आणि कुसळी गवत. मी विद्यार्थ्यांना सांगे, ‘सदाहरित रान जेथे संपते तेथे गाडी थांबवा.’ गाडी कधीच एका जागी थांबत नसे. कोणी म्हणे, येथे अंजनी संपली. कोणी म्हणे, पण जांभूळ तर अजून आहे, ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेले आहे. वाद घालता घालता आम्ही वाईच्या घाटावर पोहोचत असू. वर एक जग होते आणि खाली दुसरे आहे, याविषयी कोणाचेच दुमत नसे. मात्र एक संपून दुसरे कोठे सुरू झाले, हे कोणालाच बोट ठेवून दाखवता येत नसे.

शास्त्रज्ञांमध्येही नेमका हाच वाद अर्धशतक चालला. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतील सजीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन यांची परस्परांत गुंतलेली व्यवस्था. दोन परिसंस्थांमधल्या संधिप्रदेशाला परिसरशास्त्रात ‘इकोटोन’ म्हणतात. हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला, आणि तो रूढ करण्यात अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. ग्रीक भाषेतील ‘घर’ आणि ‘ताण’ या दोन शब्दांपासून तो बनवलेला आहे. क्लेमेंट्सच्या मते रान हा जणू एक देह होता. त्यातील झाडे त्याची इंद्रिये. अर्थात दोन रानांची सीमा म्हणजे दोन देह एकमेकांना रेटत आहेत अशी ताणाची जागा. त्याचाच देशबांधव हेन्री ग्लीसन याने १९१७ मध्ये आणि पुन्हा १९२६ मध्ये याला विरोध केला. त्याचे म्हणणे असे की रान हा देह वगैरे काही नाही. प्रत्येक जातीचे झाड आपापल्या सोसण्याच्या शक्तीप्रमाणे जेथे जमेल तेथे उगवते, आणि त्या योगायोगाच्या मेळ्याला आपण रान म्हणतो. ग्लीसनकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९५६ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर याने ग्रेट स्मोकी पर्वताच्या उतारांवरील झाडांच्या मोजणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंची आणि ओलावा बदलत जाईल तशी प्रत्येक जात हळूहळू वाढते, कळसाला पोहोचते आणि हळूहळू विरळ होते; आणि हे कळस एकमेकांशी जुळत नाहीत, असे त्यांत दिसून आले. पसरणीच्या घाटात माझे विद्यार्थी ज्यावरून भांडत होते तेच व्हिटेकरने आकड्यांत मांडले होते.

याचा अर्थ असा नव्हे की निसर्गात ठळक सीमा नसतातच. निलगिरीच्या माथ्यावर शोला नावाचे दाट रान आणि उघडे गवत यांची हद्द इतकी स्पष्ट असते की एक पाय रानात आणि एक गवतात ठेवून उभे राहता येते. जेथे माती एकदम बदलते, जेथे वणवा किंवा हिमकण वरचेवर येतात, जेथे पाण्याची पातळी ठरलेली असते, तेथे सीमा धारदार होते. म्हणून आजचा परिसरशास्त्रज्ञ ‘सीमा आहे की नाही’ असा प्रश्न टाकत नाही. ही सीमा कशाने घडली आणि कशाने टिकली, असे तो विचारतो. १९८८ च्या सुमारास युनेस्कोच्या ‘मानव आणि जीवावरण’ या कार्यक्रमात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी संधिप्रदेशाची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात तीन गोष्टींवर भर होता: जागेचे मान, काळाचे मान, आणि दोन्ही बाजूंमधील देवघेवीचा जोर. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर कोणत्याही शीवेपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. ही शीव किती रुंद आहे? ती किती काळात सरकते? आणि तिच्यावरून काय, किती, कोणत्या दिशेने येते-जाते? हे तीन प्रश्न आपण ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांची गरज पडणार आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एकच हद्द एकाला भिंत असते आणि दुसऱ्याला दार. रानातून काढलेला रस्ता पाखराला काहीच वाटत नाही, बेडकाला तो मृत्यूची जागा ठरतो. नदीकाठची झाडी शेतातून वाहून येणारी माती अडवते, पण पाणी जाऊ देते. चांगली शीव बहुधा अशी निवडक असते. ती काही अडवते, काही गाळते आणि काही सोडते.

आता एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे, कारण तो भल्या माणसांमध्येही आढळतो. दोन परिसंस्था जेथे मिळतात तेथे दोन्हीकडचे जीव आणि शिवाय खास त्या पट्ट्यातलेच काही जीव सापडतात. म्हणून तेथे जीवसृष्टी अधिक संपन्न असते, असे पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते. अमेरिकन वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड याने १९३३ च्या आपल्या ग्रंथात शिकारीचे प्राणी रानाच्या कडेला अधिक आढळतात हे नोंदवले, आणि त्याला ‘कडेचा परिणाम’ असे नाव मिळाले. त्यावरून तिकडच्या वनखात्यांनी असा निष्कर्ष काढला की रानाला जितक्या कडा अधिक तितके बरे. तेव्हा मधूनमधून रान तोडून कडा तयार करा! पुढे १९७८ मध्ये गेट्स आणि गायसेल या दोन संशोधकांनी मिशिगन राज्यात शेत आणि रान यांच्या सीमेवरील पाखरांची घरटी मोजली. कडेला घरटी दाट होती खरी, परंतु त्यांतून पिले उडून जाण्याचे प्रमाण मात्र कडेला कमी होते. कारण अंडी-पिले खाणारे जीवही कडेनेच हिंडत होते. पाखरांना जी जागा बरकतीची वाटली ती सापळा निघाली. गर्दी म्हणजे भरभराट नव्हे, हे शहरांच्या झोपडवस्त्या पाहिलेल्या आपणांस वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास, १९७९ पासून, ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेस एक मोठा प्रयोग सुरू झाला. गुरांच्या कुरणांसाठी ॲमेझॉनचे रान तोडले जात होते. तेव्हा टॉमस लव्हजॉय आणि त्यांचे सहकारी यांनी एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे तुकडे मागे ठेववून त्यांचे पुढे काय होते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. तोडलेल्या कडेवरून कोरडा, तापलेला वारा आत घुसला. मोठाले वृक्ष उभ्याउभ्या वाळले किंवा उन्मळून पडले. त्यांच्या जागी वेली माजल्या. हा ऱ्हास कडेपासून शंभर मीटर आतपर्यंत तर स्पष्टच दिसला, काही बाबतींत तो त्याहूनही खोल गेला. लहान तुकडे म्हणजे नुसती कडच उरली, गाभा नाहीसा झाला. सह्याद्रीत रस्ते, कालवे, वीजवाहिन्या आणि बंगल्यांचे भूखंड यांनी जे तुकडे पडत आहेत त्यांचा विचार करताना हा प्रयोग विसरून चालणार नाही.

तेव्हा संधिप्रदेशाचे गोडवे गाताना एक भेद केला पाहिजे. पाऊस, भरती-ओहोटी, माती आणि माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट यांनी हळूहळू घडवलेली शीव वेगळी. आणि करवतीने वा यंत्राने एका हंगामात पाडलेली चीर वेगळी. पहिलीला दोन्ही बाजूंचे जीव सरावलेले असतात. दुसरी ही जखम असते.

आता आपण आपल्या दाराशी येऊ. समुद्र आणि जमीन यांच्यामधला पट्टा हा जगातील सर्वांत जुना आणि सर्वांत चंचल संधिप्रदेश. दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाचे पाणी पाच मीटरांच्या आसपास चढते. म्हणजे काही जमीन रोज दोनदा बुडते, काही महिन्यातून दोन वेळा, काही वर्षातून मोजक्या दिवशी. किनाऱ्याची रेघ नेमकी कोठे, हे कोणत्या तिथीला विचारता यावर अवलंबून आहे. कोळ्याला हे ज्ञान पंचांगासारखे पाठ असते.

या पट्ट्यात तिवर, कांदळ, चिपी ही झाडे उभी असतात. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर डोकावतात, कारण त्या चिखलात हवा नाही. नको असलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि खाली पडते ते रोप होऊनच. निवटी तर मासा असून चिखलावर चालते. हे सारे केवळ सीमेवरचे रहिवासी; निखळ समुद्रात किंवा निखळ जमिनीवर यांना थारा नाही. कोळंबी, चिंबोऱ्या, कितीतरी माशांची पिले येथे वाढतात आणि मग खोल पाण्याकडे जातात. समुद्रातल्या पकडीचा एक पाय असा या चिखलात रोवलेला आहे.

सरकारनेही या पट्ट्याची दखल घेतली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा-नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. उधाणाच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे पाचशे मीटरांपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला. हद्दीला रुंदी असते ही गोष्ट कायद्याने मान्य केली, हे त्या अधिसूचनेचे मोठे श्रेय. २०११ आणि २०१९ मध्ये तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन वर्ग केले. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती आहे तेथे बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणण्याची वाट मोकळी झाली. समुद्र काही शिरगणती करून आत येत नाही. वस्ती दाट असेल तर संरक्षण अधिक हवे असे सामान्य बुद्धी सांगते. येथे मात्र दाट वस्तीपुढचा पट्टाच अरुंद झाला.

तिवरांच्या बाजूने न्यायालय उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निर्णय देताना कांदळवनांचा नाश हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कालाच बाधा आणणारा आहे, असे मानले. कांदळवनाभोवती पन्नास मीटरांचा पट्टाही राखून ठेवावयास सांगितला. भराव टाकून मुंबईची खाडी गिळणाऱ्यांना यामुळे काहीसा लगाम बसला आणि या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तोच नियम खारेपाटात येतो तेव्हा प्रश्न बिकट होतो. आणि आपल्या वादाचे मूळ येथेच आहे.

खारेपाटाची जमीन ही माणसाने समुद्राशी करार करून मिळवलेली जमीन आहे. भरतीच्या चिखलावर बांध घातला. बांधात उघाडी बसवली. भरतीचा रेटा आला की उघाडीचे दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. पावसाळ्यात पडणारे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते आणि ओहोटीबरोबर बाहेर जाते. मग तेथे खाऱ्या जमिनीला सोसणारे राता भात होते. उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर चढते आणि पुढचा पाऊस ते पुन्हा उतरवतो. घरालगतच्या तळ्यात गोडे पाणी साठवावे आणि त्यात जिताडा पाळावा, ही रीत. गोव्यातील खाजण शेती हे याच कुळीचे रूप. तेथे उघाडीला ‘मानस’ म्हणतात आणि बांधांची देखभाल गावकरी संस्था करीत. परिसरशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आपल्या पूर्वजांनी एक निवडक शीव बांधली, आत येणाऱ्या खाऱ्या पाण्याला भिंत आणि बाहेर जाणाऱ्या गोड्या पाण्याला दार.

पण ही शीव श्रमावर उभी होती. बांधाला खेकडे भोके पाडतात, उधाण खांड पाडते. दरवर्षी चिखलाची ढेपळे रचून त्याची डागडुजी करावी लागते. हे श्रम कुळांचे होते, आणि पिकाचा मोठा वाटा मात्र खोत-सावकारांच्या घरी जात होता. म्हणूनच १९३३ मध्ये या खारेपाटातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप झाला. आसपासच्या गावांतील कुळांनी १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. उपासमार सोसली, पण माघार घेतली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या लढ्याला पाठिंबा दिला. समुद्र अडवून धरणाऱ्या माणसालाच त्या जमिनीचा हक्क, हे सूत्र या मातीतून निघाले आहे.

पुढे कुळे मालक झाली आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारकडे गेली. महाराष्ट्राने १९७९ मध्ये खारजमीन विकास कायदा केला. पनवेलच्या संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणे दिली. परंतु कायदा केला म्हणजे बांध राखला असे होत नाही. खांड पडते, अर्ज जातो, पाहणी होते, अंदाजपत्रक तयार होते, आणि तोवर आणखी दोन उधाणे येऊन जातात. आत शिरलेले खारे पाणी तिवराचे बी घेऊन येते. काही वर्षांतच जेथे राता पिकत होता तेथे तिवरांचे रान उभे राहते. आता शेतकरी बांध दुरुस्त करावयास निघाला तर तो कांदळवनाचा नाश करणारा ठरतो.

येथे २०१९ च्या अधिसूचनेतील एक तरतूद मुळातून पाहण्यासारखी आहे. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी जेथे बांध वा उघाडी बांधलेली असेल तेथे भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरावी, असे ती सांगते. मात्र बांध ओलांडून खारे पाणी शिरल्यामुळे आत जेथे तिवरे वाढली असतील ते क्षेत्र सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घालावे, असेही तीच सांगते. म्हणजे त्याच शेताचा दर्जा एका खांडीने एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातो. खांड कोणाच्या हयगयीने पडली, शेतकऱ्याने किती अर्ज केले, पाणी कधीपासून आत आहे, यांतले काहीही नकाशावर दिसत नाही. नकाशाला काळाचे मान नसते.

शेतकरी विचारतो: माझ्या सातबाऱ्यावर भात आणि माझ्या जमिनीत तिवर, मी खावे काय? निसर्गप्रेमी विचारतो: एकदा तोडायला परवानगी दिली तर तिच्या आडून सारा किनारा साफ होईल, त्याचे काय? मित्रहो, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. यांतला एक प्रश्न खोटा पाडून दुसऱ्याचे उत्तर देण्याचा मोह आपल्या चळवळींना होतो. तो टाळला पाहिजे. मघाचे तीन प्रश्न येथे उपयोगी पडावेत.

काळाचा प्रश्न प्रथम. खांड ताजी असेल, आत तुरळक रोपेच असतील, तर बांध तत्काळ दुरुस्त होणे हेच शेतीच्या आणि शीवेच्याही हिताचे. अशा दुरुस्तीला मुदत हवी, आणि मुदत चुकल्यास जबाबदारी सरकारी यंत्रणेवर हवी, शेतकऱ्यावर नको. उलट जेथे पाणी वर्षानुवर्षे खेळत आहे, आत फाटे पडून दाट रान आणि मासळी झाली आहे, तेथे यंत्रे घालून ते उपटणे म्हणजे पुन्हा एक जखम करणे. तेथे शेतकऱ्याला जमिनीचा पुरता मोबदला मिळावा, आणि त्या रानातील मासे-चिंबोऱ्यांवर व्यवस्थापनाचा हक्क गावाला मिळावा. संरक्षणाचा लाभ साऱ्या समाजाला होतो, तर त्याची किंमत दोन एकरवाल्याने एकट्याने का मोजावी?

रुंदीचा प्रश्न दुसरा. बांधाच्या बाहेरचा तिवरांचा पट्टा हा शेतकऱ्याचा शत्रू नव्हे. लाटेचा जोर तोच मोडतो आणि बांध टिकवतो. तो पट्टा तोडला की पुढच्या उधाणाला बांध उघडा पडतो. शिवाय समुद्र चढतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरांनी वाढली, असे हवामानबदलाच्या आंतरशासकीय समितीने २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. पाणी वर येईल तसतसे तिवरांना मागे सरकावे लागेल. मागे काँक्रीटची भिंत असेल तर हा पट्टा समुद्र आणि भिंत यांच्यात चेपून नाहीसा होईल. म्हणून शीवेला आज आहे तेवढीच नव्हे, तर उद्या लागेल तेवढी रुंदी राखून ठेवली पाहिजे; ती कोठे आणि कोणाच्या जमिनीतून, हे ग्रामसभेत मोकळेपणाने ठरले पाहिजे.

तिसरा प्रश्न देवघेवीचा, आणि येथे आपण सर्वांत सावध असावे. शेतकरी आणि तिवर यांच्या भांडणात तिसराच कोणी लाभ उठवतो. खांडी बुजल्या नाहीत की शेत नापीक ठरते; नापीक ठरले की कवडीमोलाने विकले जाते; विकले गेले की त्यावर भराव पडतो. मग तेथे भातही नसते आणि तिवरही नसते, आणि पाणी येण्याजाण्याची वाटही राहत नाही. हीच गत मिठागरांची. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी भातखाचरे आणि मिठासाठी केलेली आगरे पाणथळ जागांच्या व्याख्येतूनच वगळली. कागदावर जी जागा धड पाणी नाही आणि धड जमीन नाही, ती कोणाचीच नाही असे समजण्याची राज्यकर्त्यांना सवय लागली आहे. खाजण, गायरान, माळ, मिठागर या सर्वांना एके काळी ‘पडीक’ हा एकच शिक्का बसला. जेथे कोळी, आगरी, धनगर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले ती जमीन पडीक कशी?

तेव्हा आपली मागणी अशी असावी: खारेपाटातील प्रत्येक बांधाची, उघाडीची आणि खांडीची नोंद, ती कधी पडली या तारखेसह, गावाच्या माहितीतून तयार व्हावी, कोळ्याची भरतीची जाण आणि शेतकऱ्याची मातीची जाण या नोंदीत मोजणीदाराच्या नकाशाइतकीच ग्राह्य धरावी, आणि भात की तिवर हा निर्णय होईतोवर तिसऱ्या कोणत्याही कामासाठी त्या जमिनीचा वापर बदलू देऊ नये. ही मागणी शेतकरी आणि निसर्गप्रेमी यांना एकत्र करता येईल. त्यांनी एकत्र यावे यासाठी दोघांनाही थोडे सरकावे लागेल, हे मी जाणतो.

उद्या उधाणाची भरती आहे. आपल्यापैकी जे दुरून आले आहेत त्यांनी जाण्यापूर्वी एकदा बांधावर जावे. एका हाताला खारा वारा लागेल आणि दुसऱ्या हाताला भाताचा वास येईल. पाणी चढताना उघाडीचे दार कसे मिटते ते पाहावे, आणि दाराच्या फळ्या कुजल्या असतील तर तेही पाहावे. मग त्या दुरुस्तीचा अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याची चौकशी करूनच घरी जावे.